जीर्णोद्धार की नूतनीकरण? पावतीपुस्तकावर काय छापायचं?

बाळीवेसकर
मंडळी, भाषेतल्या जाणकारांना एक प्रश्न आहे. आमच्या गल्लीतल्या महादेवाच्या देवळाचं काम काढलंय. देऊळ काही फार मोठं नाही, दगडी गाभारा, पुढं लाकडी खांबांचा मंडप आणि वर पत्रे. पत्रे गळायलेत, एक खांब बुडातून वाळवीनं खाल्लाय, गाभाऱ्यात बारा महिने ओल. वर्गणी काढायची म्हणून पावतीपुस्तक छापायला टाकलं आणि तिथंच भांडण लागलं. जुनी मंडळी म्हणतात 'जीर्णोद्धार समिती', बँकेतले एक साहेब म्हणतात 'नूतनीकरण समिती', पोरं म्हणतात 'मंदिर पुनर्विकास', त्यावर एक काका असे उखडले की देऊळ काय बिल्डरला द्यायलाव का म्हणून उठूनच गेले. त्यात छापखान्यातनं प्रूफ आलंय त्यावर मोठ्या अक्षरात 'जिर्णोध्दार'. बघूनच कसंतरी वाटतंय पण नेमकं काय चुकलंय ते सांगता येईना. तर शब्द कुठला, लिहायचा कसा, आणि या सगळ्यांत फरक काय ते कुणीतरी नीट सांगा. भांडायला मुद्दे पाहिजेत.

शेंगाचटणी
पुनर्विकास छापा की ओ. देवाला जादा चटईक्षेत्र मिळेल, वर दोन मजले काढून भाड्यानं देता येतील.

निवृत्त_मास्तर
बाळीवेसकर, आधी लिहिण्याचं बघू. पहिली वेलांटी चुकली आहे. जीर्ण यात जी दीर्घ. संस्कृतमध्ये जॄ असा धातू आहे, म्हणजे म्हातारं होणं, झिजणं. असल्या दीर्घ ॠकारान्त धातूंची रूपं ठरलेल्या वळणाची असतात. तॄ पासून तीर्ण, म्हणून उत्तीर्ण. कॄ पासून कीर्ण, म्हणून संकीर्ण. शॄ पासून शीर्ण, म्हणून आपण जीर्णशीर्ण म्हणतो. स्तॄ पासून विस्तीर्ण. छापखानेवाल्याला विचारा, मुलाच्या निकालाच्या अभिनंदनाचा फ्लेक्स करताना उत्तीर्ण कसं लिहितोस, तसंच हे.

दुसरी चूक ध्द. तिथं द्ध पाहिजे, आधी द मग ध. उद् आणि हृ मिळून उद्धार. हृ म्हणजे नेणं, उद् म्हणजे वर, तर वर काढणं, उचलून घेणं. द् च्या पुढं ह आला की त्याचा ध होतो, म्हणून द्ध. तो ध्द पूर्वीच्या डीटीपीच्या काळापासून चिकटलाय, शुद्ध, युद्ध, प्रसिद्ध सगळ्यांची तीच गत केली आहे, आणि आपल्या सोलापूरला तर ते शोभतच नाही, ग्रामदैवतच सिद्धेश्वर! तिथं ध्द लिहिणाऱ्याला दंड करावा असं माझं फार दिवसांपासूनचं मत आहे.

संधी सोपा आहे, जीर्ण अधिक उद्धार, अ आणि उ चा ओ. अर्थ झाला, झिजलेल्याला वर काढणं. आता गंमत बघा, या अख्ख्या शब्दात 'नवा' कुठंच नाही. तुमच्या बँकेच्या साहेबांचा नूतनीकरण घ्या. तिथं नूतन म्हणजे नवं, त्याला च्वी नावाचा प्रत्यय लागून ई दीर्घ होते, आणि त्या प्रत्ययाचा अर्थच असा की जे मुळात तसं नव्हतं ते तसं करणं. जे नवं नाही ते नवं करणं म्हणजे नूतनीकरण. परवान्याचं नूतनीकरण, विम्याचं नूतनीकरण, ग्रंथालयाच्या सभासदत्वाचं नूतनीकरण. तिथं तो शब्द चपखल आहे कारण जुनी मुदत संपली, नवी लागली, जुन्याचं कुणाला काही घेणं नाही. देवळाच्या बाबतीत तुम्हाला जुन्याचं घेणं आहे की नाही, एवढाच प्रश्न कमिटीत विचारा.

कडकभाकर
मास्तर नमस्कार. पण कर्मधारय की षष्ठी तत्पुरुष ते पण सांगून टाका, आता सुरुवात केलीच आहे तर.

निवृत्त_मास्तर
षष्ठी तत्पुरुष. जीर्णाचा उद्धार. जीर्ण असा उद्धार म्हटलं तर उद्धारच मोडका निघेल. तसे उद्धारही पाहिले आहेत म्हणा.

पूर्वभाग
मास्तर, एक विचारू का. आमच्या घरात तेलुगू. आम्ही जीर्णम् म्हटलं की पहिल्यांदा पोट आठवतं. जीर्णशक्ती म्हणजे पचनशक्ती, अजीर्णम् म्हणजे अपचन. घरात आजी साधं 'अरगलेदु' म्हणते, म्हणजे पचलं नाही, पण औषधाच्या बाटलीवर जीर्णच असतंय. आणि शेजारचे कन्नड, ते पण जेवण पचलं नाही तर 'जीर्ण आगिल्ल' म्हणतात. लहानपणी देवळावर जीर्णोद्धार असा बोर्ड वाचून मला वाटायचं अन्नदान आहे की काय. मग झिजणं आणि पचणं एकच कसं काय?

निवृत्त_मास्तर
अहो फार छान विचारलंत. दोन्ही एकच. पोटात गेलेलं अन्न हळूहळू विरत जातं, त्याचं मूळ रूप राहत नाही, तेही जीर्णच. मराठीतही अजीर्ण आहेच की, आणि अजीर्णाच्या मागं अख्खं जिरणं उभं आहे. जीर्यति चं प्राकृतातून आलेलं रूप म्हणजे आपलं जिरणे. अन्न जिरतं, पाणी जमिनीत जिरतं, आणि माणसाचीही जिरते. पाणी अडवा पाणी जिरवा हे घोषवाक्य आणि जीर्णोद्धाराचा बोर्ड ही एकाच धातूची दोन नातवंडं. आयुर्वेदवाले फोडणीतल्या जिऱ्यालाही यातच धरतात, जीरक म्हणजे जिरवणारं. जरा म्हणजे म्हातारपण, जरठ, जर्जर, अजरामर मधला अजर, सगळं एकाच खाणीतलं. पार ग्रीकपर्यंत हे नातं जातं, तिकडं म्हाताऱ्याला गेरोन म्हणत, आजकाल मोठ्या दवाखान्यात जेरियाट्रिक विभाग असतो तो त्यावरूनच.

शेंगाचटणी
म्हणजे कमिटीत हरलेल्या गटाची जिरली तरी ते व्युत्पत्तीला धरूनच आहे.

रश्मी_होटगीरोड
मास्तर, यात 'जुना' पण येतो ना? आमच्या एमएच्या भाषाशास्त्राच्या तासाला शिकवलेलं आठवतंय. जॄ चं जीर्ण असं एक आणि जूर्ण असं दुसरं रूप, त्या जूर्णचं प्राकृतात जुण्ण आणि मराठीत जुना. म्हणजे जीर्ण आणि जुना चुलत भाऊ, एक शिकून पुण्याला गेला आणि एक गावातच राहिला. जुन्नर गावाचं नाव पण जीर्णनगर वरून लावतात.

आणि माझा आवडता शब्द जुनेर. आता कुणी वापरत नाही. माझी आजी वापरायची, म्हणजे नेसून नेसून विरलेलं लुगडं. ते टाकायचं नाही, धुऊन घडी करून पेटीत, आणि अशी पाचसहा जमली की वाकळ. वाकळ शिवताना वरच्या बाजूला धड असलेलं जुनेर, मधे अगदी विटलेले तुकडे, आणि कडेनं ती आधी बोटानं कापड चाचपून बघायची, जिथं विरलंय तिथं टाका धरत नाही म्हणून तिथं दुसरा तुकडा खालून सरकवायची, मग दोरा. मला विचाराल तर मास्तरांनी सांगितलेला अर्थ त्या वाकळीत जास्त दिसतो. विरलेल्याला खालून आधार द्यायचा आणि धड आहे ते तसंच ठेवायचं. गीतेतला श्लोक सगळ्यांना पाठ असतो, वासांसि जीर्णानि, पण तिथं जीर्ण वस्त्र टाकून नवं घ्यायचं आहे, माणूस जुने कपडे सोडतो तसा आत्मा शरीर सोडतो म्हणून. म्हणजे जीर्ण दोन्हीकडे आहे पण एकीकडे टाकायचंय आणि एकीकडे उचलायचंय.

पूर्वभाग
ताई, चादरींच्या गावात गीतेचा श्लोक बरोबर कापडावरच आला की. आमच्याकडं मागाच्या बाबतीत मात्र टाकायचंच चाललंय. जुने माग किलोवर भंगारात गेले. आमच्या लाइनीत जीर्णोद्धार कुणी म्हणत नाही, आधुनिकीकरण म्हणतात, १९९९ ला यंत्रं बदलायच्या कर्जाला मदत देणारी केंद्राची ती टफ योजना आली तेव्हापासून तोंडात बसलेला शब्द. कर्जाच्या कागदावर आधुनिकीकरण, घरात मात्र 'नवे माग टाकले'. माग नेहमी टाकतातच, बसवतात असं म्हणत नाही आम्ही.

भीमाकाठ
चर्चा उशिरा बघितली. हा शब्द काही आजच्या फ्लेक्सचा नाही, दगडावर कोरलेला आहे. दख्खनेत चालुक्य, राष्ट्रकूट, यादव यांच्या काळातल्या देवळांच्या दानलेखांत एक ठरलेली शब्दावली असते, अमुक जमीन दिली, कशासाठी दिली, तर देवाच्या अंगभोगासाठी, रंगभोगासाठी आणि 'खंडस्फुटित जीर्णोद्धारा'साठी. अंगभोग म्हणजे स्नान, गंध, नैवेद्य असं देवाच्या अंगाचं. रंगभोग म्हणजे गाणं, नाच, उत्सव. आणि खंडस्फुटित म्हणजे तुटलेलं आणि तडकलेलं. म्हणजे देऊळ बांधतानाच किंवा दान देतानाच त्यांनी धरून ठेवलेलं की हे तुटणार, तडकणार, झिजणार, आणि त्याला दरवर्षी खर्च लागणार. त्या जमिनीचं उत्पन्न येत राहायचं आणि दगड सरकला की गवंडी बोलवायचा. आज आपण शंभर वर्षं बघत बसतो आणि मग एकदम समिती काढून पावतीपुस्तक छापतो. मला वाटतं शब्दाचा अर्थ बदलला तो इथं, तेव्हा तो देखभालीचा खर्च होता आणि आता तो कार्यक्रम झालाय, कोनशिला, मंडप, सत्कार.

अग्निपुराणात जीर्णोद्धाराच्या विधीवर वेगळा अध्याय आहे, मूर्ती भंगली किंवा जीर्ण झाली तर काय करायचं त्याचा. म्हणजे नुसती बांधकामाची बाब नव्हती.

आणि आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण पाहिजे तर दक्षिण सोलापुरातलं हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीनेचा संगम. शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख तिथं संगमेश्वराच्या देवळात आहे तो बऱ्याच जणांना माहीत असतो. पण शेजारचं हरिहरेश्वर मातीच्या ढिगाऱ्याखाली होतं, ते उकरून वर काढलं, आणि त्यात ते बहुमुखी शिवलिंग मिळालं, एकाच लिंगावर ३५९ मुखं कोरलेली. मास्तरांचा उद् म्हणजे वर आणि हृ म्हणजे काढणं, तिथं शब्दशः झालं. कुणी गेलं नसेल तर जाऊन या, सोलापुरातनं तासाभराचं काम आहे, उन्हाळ्यात मात्र सकाळी लवकर.

कडकभाकर
सगळं मान्य, पण मी जरा उलटं बोलतो. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. लोक शब्द कसा वापरतात तो अर्थ. अहिल्यादेवी होळकरांनी काशी विश्वेश्वराचा जीर्णोद्धार केला असं आपण शाळेपासून म्हणतो. १७८० चं ते देऊळ नव्यानं बांधलेलं आहे, मूळ जागेच्या शेजारी. जुन्यातला दगड वर काढला असं काही नाही. सोमनाथचं तेच, ११ मे १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते प्राणप्रतिष्ठा झाली ती नव्या बांधकामात. तरी सगळे जीर्णोद्धारच म्हणतात आणि कुणाला खटकत नाही. गोव्यातल्या नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं शिवाजी महाराजांनी १६६८ ला केलं ते पण आपण जीर्णोद्धार म्हणतो. म्हणजे देव तोच राहिला, पूजा पुन्हा सुरू झाली की झाला जीर्णोद्धार, इमारत जुनी का नवी हा प्रश्न लोक विचारत नाहीत. मग जुनंच जपायचं असा अर्थ त्या शब्दावर लादायचा का? बाळीवेसकरांच्या मंडपाचे पत्रे काढून स्लॅब टाकला तरी गल्ली त्याला जीर्णोद्धारच म्हणणार.

आपल्या विद्यापीठाला २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवींचं नाव आहे, त्यामुळं निदान सोलापुरात तरी त्यांचं उदाहरण बाजूला सारता येणार नाही.

निवृत्त_मास्तर
कडकभाकर, तुमचा मुद्दा वजनदार आहे. मी एवढंच म्हणेन की तुमच्या तिन्ही उदाहरणांत जीर्ण झालेली वस्तू इमारत नाहीच, क्षेत्र आहे. काशी, सोमनाथ, नार्वे ही स्थानं मोडली होती, त्यांना वर काढलं. ज्याचा उद्धार होतो ते जुनंच असावं लागतं, एवढं सूत्र तिथंही सुटत नाही. उद्या कुणी मोकळ्या प्लॉटवर नवीन देऊळ बांधलं आणि जीर्णोद्धार म्हणाला तर तुम्हीही हसाल.

कडकभाकर
हसेन. हे बरोबर आहे. पण मग स्लॅब?

चुनखडी
स्लॅबवर मी बोलतो. मी जुन्या बांधकामाची कामं करतो, वाडे, वेशी, देवळं. शब्दाचं ज्ञान कमी आहे पण जागेवर काय होतंय ते रोज बघतो. आमच्यात जतन, संवर्धन, डागडुजी असं वेगवेगळं म्हणतात. डागडुजी म्हणजे फुटलं तिथं जोडायचं. जतन म्हणजे आहे ते अजून बिघडू द्यायचं नाही. आणि गावकरी जीर्णोद्धार म्हणाले की माझ्या पोटात गोळा येतो कारण तिथं चारपैकी तीन ठिकाणी पुढचं ठरलेलं असतंय, गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स, दगडाला ऑइलपेंट, सांधे सिमेंटनं भरायचे, वरनं स्टीलचं रेलिंग.

आता हे वाईट का, तर नुसतं दिसायला वाईट म्हणून नाही. आपला काळा दगड आणि चुना श्वास घेतात. भिंतीत शिरलेलं पाणी चुन्याच्या सांध्यातनं हळूहळू बाहेर पडून वाळतं. सिमेंट घट्ट, ते पाणी अडवून धरतं, मग ओल दगडात मुरते आणि आतले क्षार वर येऊन दगडाच्या कडा पापुद्र्यासारख्या सुटतात. ऑइलपेंटचं तसंच, वरनं रेनकोट घातला आणि आतनं घाम. जुने लोक चुना भिजत घालायचे, घाणीत वाळूबरोबर बैल लावून मळायचे, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा असं टाकायचे. ते सगळं आज कुणाला जमणार नाही म्हणतात, पण चुना मिळतो आणि काम करणारे गवंडी पण मिळतात, शोधावं लागतंय.

उदाहरण लांब जाऊन बघायला नको, पंढरपूर बघा. २०२४ ला विठ्ठल मंदिराचं काम झालं, मार्चच्या मध्यापासून पदस्पर्श दर्शन बंद ठेवलेलं ते २ जूनला पुन्हा सुरू झालं. तिथं त्यांनी नवीन काय लावलं ते बघू नका, काढलं काय ते बघा. मधल्या काळात बसवलेली ग्रॅनाइटची फरशी काढली, दगडावरचा रंग काढला, आणि खालचा मूळ दगड उघडा झाला. लोक म्हणाले देऊळ नवीन दिसायलंय, खरं तर जुनं दिसायलं होतं. त्याच कामात मेच्या शेवटी एक तळघर सापडलं, आत मूर्ती. मास्तरांचा वर काढणं हा अर्थ मला तरी तिथं पटला.

मी स्वतः एका देवळात (गाव सांगत नाही) ऑइलपेंटचे थर काढले, वरनं पिवळा, त्याच्याखाली गुलाबी, त्याच्याखाली निळा. पोरं पातळ पट्टीनं आणि ब्रशनं काढत होती, तारेचा ब्रश नाही वापरायचा, दगड ओरबाडतो. चौथ्या दिवशी खांबाच्या खालच्या चौकटीवर टाकीचे घाव दिसायला लागले, तिरपे, एकसारखे. आणि एका बाजूला घाव उलट्या दिशेचे. गवंडी म्हणाला हा कारागीर डावखुरा होता. कमिटीचे अध्यक्ष सगळ्यांना बोलवून बोलवून ते घाव दाखवत होते, तेच अध्यक्ष आधी टाइल्सचं कोटेशन घेऊन आलेले.

शुक्रवारपेठ
आम्हा जैन लोकांत हा शब्द रोजचा. मंदिराच्या हिशोबात जीर्णोद्धाराचं खातं वेगळं असतं. आणि वडीलधारे एक वाक्य नेहमी सांगतात की नवीन मंदिर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचं पुण्य आठपट. त्याचा हिशोब कसा केला ते देव जाणे, पण त्याचा उपयोग असा होतो की नवीन बांधायला निघालेल्या माणसाला हळूच जुन्याकडं वळवता येतं. गुजरातेतल्या शत्रुंजय तीर्थाच्या बाबतीत तर तिथले मोठे जीर्णोद्धार क्रमांकानं मोजतात, पहिला उद्धार, दुसरा उद्धार असं, आणि सोळावा कर्माशाहनं १५३१ ला केला. तिथं नुसतं उद्धार म्हटलं तरी समजतं.

चुनखडींचं टाइल्सबद्दलचं मात्र आमच्याकडं पण लागू आहे, संगमरवर लावला की पुण्य वाढतं असा एक समज आहेच.

रश्मी_होटगीरोड
उद्धार वरून अजून एक राहिलं. 'उधार' हा शब्द उद्धारचाच आहे! संस्कृतमध्ये उद्धारचा एक अर्थ एखाद्या राशीतून बाजूला काढलेला भाग, त्यावरून कर्ज. वारसाहक्काच्या जुन्या नियमांत थोरल्या मुलासाठी वाटणीच्या आधी काढून ठेवलेल्या जादा हिश्श्याला पण उद्धार म्हणत. तो झिजत झिजत उधार झाला. म्हणजे चाटी गल्लीतल्या दुकानात 'आज रोख उद्या उधार' अशी पाटी असते ना, तिचा आणि जीर्णोद्धाराच्या बोर्डाचा संबंध आहे.

शेंगाचटणी
आमच्या गल्लीतल्या जीर्णोद्धाराचा उधारीशी लई जवळचा संबंध आहे, सेंटरिंगवाला अजून फेऱ्या मारायलाय.

आणि तिसरा उद्धार विसरलात. आमचे तीर्थरूप मार्कशीट बघून जो करायचे तो. सात पिढ्यांचा.

निवृत्त_मास्तर
हा हा. तो खास मराठी उपरोध. एखाद्याला शिव्या घातल्या की 'त्याचा उद्धार केला'. आज साहेबांनी मला 'वर काढलं' असं म्हणत नाही आपण, पण खरडपट्टी, उद्धार, पूजा, आरती ही सगळी देवघरातली नाहीतर स्वयंपाकघरातली कामं आपण शिव्यांसाठी वापरतो.

बाळीवेसकर
मंडळी, तुमचे आभार कसे मानू. काल हे सगळं कमिटीत वाचून दाखवलं, फोन हातोहात फिरला. बँकेच्या साहेबांनी नूतनीकरण मागं घेतलं, म्हणाले परवान्याचा शब्द आहे हे मला आधीच कळायला पाहिजे होतं, आयुष्य गेलं त्यात. पावतीपुस्तकावर 'जीर्णोद्धार' जाणार, दीर्घ जी आणि द्ध. छापखानेवाला म्हणतोय त्याच्या फॉन्टमधे द्ध नीट येत नाही, मी म्हटलं सिद्धेश्वर कसा छापतोस, तर तो पण ध्द च छापत होता. मास्तर, दंडाची पावती तुमच्याकडनं.

पण कडकभाकर आणि चुनखडींमुळं आता दुसराच वाद सुरू झालाय. एका देणगीदारानं गाभाऱ्याला ग्रॅनाइट स्वखर्चानं देतो म्हणून सांगितलेलं, आता त्यांना नको कसं म्हणायचं. जुनी मंडळी पण म्हणायलेत की टाइल्स नाही लावल्या तर लोकांना काम झालंय हे दिसणार कसं. आणि गाभाऱ्यातली ओल जातच नाही हा मुद्दा आहेच, टाइल्सनी झाकली जाईल असं एकाचं मत.

कडकभाकर
देणगीदाराला बाहेरच्या ओट्यासाठी आणि नळाच्या कट्ट्यासाठी ग्रॅनाइट मागा. नाव तिथं कोरा, येणारा जाणारा प्रत्येकजण वाचतो. गाभाऱ्यात अंधारात कोण वाचणार? ही युक्ती मी एका ठिकाणी चाललेली बघितलीय.

मी माझ्या मताला धरून आहे, लोक स्लॅबलाही जीर्णोद्धार म्हणतात आणि ते भाषेच्या दृष्टीनं चूक नाही. पण देऊळ माझं असतं तर मी स्लॅब टाकला नसता, हे वेगळं.

चुनखडी
ओल झाकली की जात नाही, दुसरीकडनं निघते. बाळीवेसकर, एक करा. गाभाऱ्यातनं अभिषेकाचं पाणी बाहेर जातं ते गोमुख कुठल्या बाजूला आहे बघा, बहुतेक उत्तरेला असेल. बाहेरनं त्याच्या खालची जमीन किती वर आलीय ते बघा. रस्ते दरवेळी वरनं डांबर टाकून वाढवतात, आवारात फरशीवर फरशी बसते, आणि गोमुखाचं तोंड जमिनीच्या लेव्हलला येतं किंवा बुजतं. मग सोमवारी घातलेलं पाणी आतच जिरतं. निम्म्या देवळांत ओलीचं कारण हेच निघतं आणि उपाय म्हणजे दीड फूट खोदून चर काढणं, लाखाचं काम नाही.

बाळीवेसकर
आत्ता जाऊन बघून आलो. गोमुख उत्तरेलाच आहे. निम्मं फरशीखाली गेलंय आणि उरलेल्या निम्म्यात कुणीतरी सिमेंट भरलंय, बहुतेक उंदीर शिरतात म्हणून.

चुनखडी
मग तेच आधी. सिमेंट छिन्नीनं सावकाश काढा, ड्रिल लावू नका, गोमुखाचा ओठ उडेल. खांबाचं लाकूड सागवान आहे का ते पण बघा, बुडाचा खराब भाग कापून खाली दगडी पाया घेता येतो, सगळा खांब बदलायची गरज नसते. पत्रे पावसाच्या आधी उतरवून घ्या. फोटो टाका, उजेडात काढलेले.

पूर्वभाग
चुनखडी, त्या डावखुऱ्या कारागिराचा खांब बघायला मिळेल का ओ? गाव नका सांगू इथं, मेसेज करा. आमचे वडील पण डावखुरे, धोटा उलट्या हातानं फेकायचे म्हणून त्यांच्या मागावर दुसरा कुणी बसायला तयार नसायचा. त्यांना घेऊन येतो.